काळ्या मातीतली ट्रॅकर: स्प्लेंडर न कापता

ट्रॅकर म्हणजे काय, हे गावात कोणी विचारलं की मी शंकरपटापासून, म्हणजे बैलांच्या शर्यतीपासून सुरुवात करतो. पटाला जशी दाबून सपाट केलेली मातीची पट्टी लागते, तशीच अमेरिकेतल्या फ्लॅट ट्रॅक या मोटारसायकलच्या शर्यतीला लागते. त्या शर्यतीची गाडी म्हणजे ट्रॅकर. फक्त तिथली पट्टी सरळ नसते, लंबगोल असते, आणि गाड्या सतत डावीकडेच वळतात. स्वार डाव्या बुटाला पोलादी तळ बांधतो आणि वळणावर तो पाय मातीला टेकवून मागचं चाक घसरवत नेतो. शर्यतीच्या गाडीला पुढचा ब्रेक नसतो. दोन्ही चाकं एकाच मापाची, बहुतेक १९ इंची. हँडल रुंद, सीट सपाट, मागे छोटा उंचवटा आणि बाजूला नंबराच्या पाट्या. हार्ले-डेव्हिडसनची १९७० साली आलेली एक्सआर ७५० ही त्यातली सगळ्यात नावाजलेली गाडी. अशा गाडीवर शोभेसाठी लावलेलं काही नसतं, म्हणून मला ती आवडते. जे आहे ते मातीसाठी.

तशी ट्रॅकर करायला माझ्याकडे होती घरची हिरो होंडा स्प्लेंडर, २००५ सालची, एमएच २९ नंबरची. यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातल्या आमच्या भागात प्रत्येक वाड्यात एक तरी उभी असतेच. यामाहाची जुनी आरएक्स १०० घे, असा सल्ला बऱ्याच मित्रांनी दिला. पण चांगल्या अवस्थेतली आरएक्स सोलून तिचं दुसरंच काही करणं मला पटत नाही. १९९६ नंतर ती बनलेलीच नाही, जी शिल्लक आहे ती तशीच जपली पाहिजे. स्प्लेंडरचं तसं नाही. पार्ट कोणत्याही तालुक्याच्या दुकानात मिळतात, ९७.२ सीसीचं इंजिन कोणताही मिस्त्री उघडू शकतो आणि मुख्य म्हणजे पुढचं-मागचं चाक दोन्ही १८ इंची. ट्रॅकरची अर्धी ठेवण तिथेच मिळते.

गॅरेजमध्ये गाडी सोलून झाली. व्हायझर, साइड पॅनेल, लेगगार्ड, सीट सगळं उतरलं, तेव्हा मिस्त्री ग्राइंडर हातात घेऊनच उभा होता. "भाऊ, हे मागचं शेपूट कापल्याबिगर ट्रॅकर दिसूनच नाही राह्यली." दिसण्यापुरतं त्याचं खरंच होतं. जवळजवळ प्रत्येक कस्टम गाडीची मागची चेसी कापलेली असते. मी नाही म्हटलं, आणि पुढचं सगळं काम त्या एका नकारावर उभं राहिलं.

कारण कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय माझ्या गाडीची नोंदणी १५ वर्षं उलटल्यावर एकदा वाढवलेली होती. ती दर ५ वर्षांनी वाढवावी लागते, म्हणजे गाडी पुन्हा आरटीओच्या इन्स्पेक्टरपुढे उभी करायची होती. म्हणून नियम ठरवला: कापायचं नाही, चेसीला जोड द्यायचा नाही, जे काढलं ते संध्याकाळपर्यंत परत लावता आलं पाहिजे.

खरी कसोटी सीटची होती. ट्रॅकरची सीट एकट्याची असते. पण आरसीवर बसण्याची क्षमता २ लिहिलेली असते, आणि आरसीच्याही आधी घरात माय आहे. पुठ्ठ्याचा नमुना चेसीवर ठेवून मी मापं घेत होतो तेव्हा ती ओसरीवरून म्हणाली, "अन् मी कुठं बसू रे बापा?" तिला दर महिन्याला आर्णीच्या दवाखान्यात न्यायचं असतं, ते याच गाडीवर.

मग वेल्डरकडून १८ गेजच्या पत्र्याचा तळ करून घेतला, साधारण दोन फूट लांब, दोघांना पुरेल असा. तो कंपनीच्या सीटच्या मूळ छिद्रांनाच बसतो. मागचा उंचवटा वेगळा केला. तो चार बोल्टांवर, मागे बसणाऱ्याच्या जागेच्याही मागे येतो, आणि न कापलेलं चेसीचं शेपूट त्याच्याखाली झाकलं जातं. मिस्त्रीने तो बसवून पाहिला, दोन पावलं मागे सरकला आणि ग्राइंडर जागेवर ठेवून दिलं. खाली घट्ट दाबलेला फोम, वर मऊ, त्यावर काळं रेक्झिन. टाकीच्या मागच्या रबराखाली जाड वॉशर टाकून टाकी किंचित उचलली. टाकीची खालची कड आणि सीट एका सरळ रेषेत आली की गाडी एकदम ट्रॅकर दिसायला लागते. या रेषेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. साडीगार्ड, मागची पायदानं आणि धरायचा दांडा काढले नाहीत. काळा रंग दिला, ते डोळ्यांत येत नाहीत.

पुढचं मडगार्ड ही आपल्याकडची खास गोष्ट. शर्यतीच्या ट्रॅकरला ते नसतंच. आपल्या भागात आषाढात पांदणीतून जाणाऱ्याला त्याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. काळी माती ओली झाली की फुगते, टायरला चिकटते, मडगार्ड आणि टायरच्या मधे दाटते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग कापसाच्या पऱ्हाटीची काडी घेऊन तो गारा, म्हणजे चिखल, उकरत बसायचं. मी गाडी बिनमडगार्डची नाही ठेवली. छोटं प्लॅस्टिकचं मडगार्ड टी-च्या, म्हणजे दोन्ही फोर्क वर जिथे जोडलेले असतात त्या भागाच्या खाली, टायरपासून चार बोटांवर बसवलं. गारा आता खाली पडतो, तोंडावरही उडत नाही. टायर दोन्हीकडे ३.००-१८, मोठ्या खाचांचे. घेण्याआधी मागे चिमट्यात, म्हणजे मागचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं तिथे, आणि पुढे दोन्ही फोर्कच्या मधे किती जागा सुटते ते मोजून घ्या, चेनकडची बाजू तर नक्कीच. मागचे शॉकअप नवे टाकले, पण मूळ उंचीचेच. उंच टाकले तर गाडी दिसते छान, पण साइड स्टँडवर फार कलते आणि चेनची ओढ बदलते. स्टँडच्या पायाला मात्र पत्र्याची रुंद चकती लावून घेतली. ओल्या वावराच्या धुऱ्यावर गाडी लावली तरी स्टँड रुतत नाही. या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल हाच.

रुंद हँडल तयार घेतलं, पाइप वाकवून करून घेतलं नाही. हातात धरायच्या वस्तूत काटकसर नको. रुंद हँडलला क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या केबल लांब लागतात. बसवून झालं की गाडी चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं. इंजिनचा आवाज चढला तर केबल ताणते आहे, तिचा रस्ता बदलायचा.

हेडलाइटच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी. या जुन्या किकच्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या एसी करंटवर चालतो, म्हणून गाडी मंद झाली की उजेडही मंदावतो. त्याला स्वस्तातला एलईडी जोडला की तो लुकलुकतो, नाहीतर लवकर जातो. मी लहान गोल दिवा घेतला आणि आत मूळचाच ३५/३५ वॅटचा बल्ब ठेवला. इंडिकेटर लहान, पण चारही चालू.

एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावायचा आग्रह जो तो करतो. इथे सोयाबीनच्या मळणीत कुटार, म्हणजे भुसा उडतो, उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीची बारीक धूळ हवेत असते, ती थेट कार्बोरेटरच्या तोंडाशी जाणार. वर गाडीला हवा जास्त, पेट्रोल कमी पडतं आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं जेट बदलत बसावं लागतं. डबा जागेवर राहिला, त्याच्यावर नंबराच्या पाटीच्या आकाराचे दोन पत्रे लावले, पिवळे, कोरे. सायलेन्सरही कंपनीचाच, उष्णता सोसणारा काळा रंग दिलेला. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरने म्हातारी माणसं दचकतात, बैल बुजतात. तो मला नकोच होता.

रंग काळाच, कारण आरसीवर काळा लिहिलेला आहे. चेसीला पावडर कोटिंग न करता हाताने स्प्रे मारला आणि हँडलच्या टी-जवळ कोरलेल्या चेसी नंबरावर आधी चिकटपट्टी लावली. जाड थराखाली तो नंबर बुजला तर तपासणीच्या दिवशी खरवडत बसावं लागतं, आणि खरवडलेला नंबर पाहून कोणालाही शंका येते.

२०२५ मध्ये नोंदणी वाढवायची वेळ आली. फॉर्म २५, विमा, पीयूसी आणि १५ वर्षांवरच्या दुचाकीचा ५ वर्षांचा २,००० रुपये पर्यावरण कर. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना राज्यात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली आहे. ती आधीच बसवून घेतली होती, मागे तिच्या ठरलेल्या जागी, उंचवट्याखाली लपवून नाही. यवतमाळला इन्स्पेक्टर साहेबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. चेसी नंबर, इंजिन नंबर, दिवे, हॉर्न, रंग पाहिला. मग सीटवर हात ठेवून विचारलं, "मागं माणूस बसतं का?" मी पायदानं खाली पाडून दाखवली, धरायचा दांडा दाखवला. सही झाली.

खर्च १५ हजारांच्या आत राहिला. त्यात टायर, शॉकअप आणि हँडल हाच मोठा भाग, सीटला त्याच्या निम्मेही लागले नाहीत. काढलेले सगळे पार्ट पोत्यात, बोल्ट त्याच्या त्याच्या पुडीत, पुडीवर नाव लिहून ठेवले आहेत. पुढचं काम पुढच्या ड्रमचं: ब्रेकशू नवे टाकायचे आहेत आणि ड्रम लेथवर तपासून घ्यायचा आहे. खाचांच्या टायरवर डांबरी रस्त्यावर गाडी आधीपेक्षा थोडी उशिरा थांबते, आणि आर्णीला जाताना नागपूर-तुळजापूर हायवे लागतो.