तुम्ही विचारलंत म्हणून: आधी एका जोडाचा हिशेब

"चपलांच्या कारागिरांसाठी सामाजिक उद्योग काढायचाय, बिझनेस प्लॅन कसा लिहू?" हा प्रश्न कोल्हापुरात आम्हाला सारखा येतो. बहुतेक प्लॅनची पहिली दहा पानं परंपरा, शाहू महाराज आणि २०१९ मध्ये मिळालेलं जीआय (भौगोलिक) मानांकन यांतच संपतात. ते सगळं अर्ध्या पानात बसवा आणि लगेच एका जोडाचा हिशेब मांडा.

समजा, जीएसटी सोडून जोडाची किंमत १,००० रुपये. कातडं आणि इतर माल ४००, मजुरी ३००, पॅकिंग-वाहतूक ७०, माप न बसल्यानं परत येणाऱ्या मालापोटी ३०. उरले २००. भाडं, व्यवस्थापकाचा पगार, वीज, हिशेबनीस मिळून महिन्याला ३०,००० लागत असतील, तर नुसता खर्च भरून निघायला १५० जोड विकावे लागतात. आता तोच जोड दुकानात ठेवा. दुकानदारानं १५ टक्के घेतले की २०० चे ५० राहतात आणि १५० जोडांचे ६०० होतात. दहा कारागीर, दिवसाला दोन जोड, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी माल तयार होतो ५०० जोड. म्हणजे सगळा खपूनही तोटाच.

त्यात पावसाळा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं दमट हवेत नीट वाळत नाही, बुरशी धरतं. गिऱ्हाईकही तेव्हा कोल्हापुरी घेत नाही. भाडं-पगार मात्र चालूच. म्हणून वर्षाचे १,८०० जोड नऊ महिन्यांत, म्हणजे महिन्याला २०० धरा. तेवढ्या जोडांचा माल आणि मजुरी १,४०,००० होते. कातडं रोखीनं, मजुरी आठवड्याला, पण मोठ्या ऑर्डरचे पैसे साठ दिवसांनी. दोन महिन्यांचं येणं आणि महिन्याचा तयार माल मिळून ४,२०,००० अडकतात. लोक कर्ज मागतात मशीनसाठी आणि धंदा बसतो तो या खेळत्या भांडवलापायी.

"शंभर महिलांना प्रशिक्षण" एवढ्यानं सामाजिक बाजू पुरी होत नाही. कारागिराला वर्षात किती दिवस काम मिळालं आणि घरी किती पैसे गेले, ते मोजा. सुरू करण्याआधीचा आकडा लिहून ठेवा, नंतर तो कुणालाच नीट सांगता येत नाही. चपलेवरची कातड्याची वेणी घालण्याचं काम बहुधा घरातल्या बायका करतात, पण मजुरी जोडामागे घरच्या पुरुषाच्या हातात पडते. त्या ३०० मधले त्यांचे किती, आणि ते त्यांच्याच खात्यात कसे जमा होणार, हे प्लॅनमध्ये आकड्यानिशी हवंच. आमच्या मते ते नसेल तर त्याला सामाजिक उद्योग म्हणू नये.

शिकाऊ हातांनी वाया जाणारं कातडं वेगळं दाखवा; देणगी त्यासाठी मागा. रोजची मजुरी देणगीतून भागवली, तर देणगी संपते त्या महिन्यात काम थांबतं.

संस्थेचं रूपही यावरून ठरवा. कंपनी कायद्यातल्या कलम ८ च्या कंपनीत नफा वाटता येत नाही. कारागीरच मालक हवे असतील तर उत्पादक कंपनी काढा; व्यक्तींनी मिळून काढायची तर किमान दहा उत्पादक लागतात. जीआयचं चिन्ह लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हापासून प्लॅनमध्ये निर्यातीचं पान वाढलंय. हातानं कापलेल्या दोन जोडांच्या मापात फरक पडतो. निर्यातीचा आकडा लिहिण्याआधी मापाचे साचे आणि प्रत्येक जोड तपासणाऱ्या माणसाचा पगार खर्चात धरा.