क्लोज लागेपर्यंत

शुक्रवार, रात्री

आज दिवसभर मालिकेतला स्वयंपाकघराचाच सीन चालला. लेक येऊन सांगते, 'आई, मी नोकरी सोडली,' आणि मी मेथी निवडता निवडता ते ऐकते. नाटकात हा प्रवेश एका दमात झाला असता. इथे आधी मास्टर, म्हणजे अख्खा सीन एकत्र दिसणारा शॉट, मग दोघींचे खांद्यावरून घेतलेले शॉट, मग तिचा क्लोज, म्हणजे फक्त चेहऱ्याचा शॉट, आणि माझा सगळ्यात शेवटी. मधल्या वेळात लाइट बदलतात, उजेड परतवणारा थर्माकोल इकडचा तिकडे जातो, मेकअपदादा घाम टिपून जातात. असिस्टंट आठवण करतो, 'ताई, "का?" म्हणताना जुडी डाव्या हातात होती.' बातमी दर वेळी नव्याने ऐकायची आणि जुडी मात्र डाव्याच हातात धरायची! या कामातलं खरं अवघड मला हेच वाटतं. त्यापुढे रडणं सोपं.

बोलताना संवाद आपल्याला सांभाळून नेतो. ऐकताना काहीच आधार नसतो. समोरचीचं वाक्य कधी संपतंय याची वाट बघणारे डोळे थिजल्यासारखे दिसतात. नाट्यगृहातल्या मागच्या रांगेला ते कळणार नाही, लेन्सला लगेच कळतं.

रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की (1863–1938) नटाला लक्षाची वर्तुळं आखायला सांगत. आधी दिव्याच्या उजेडाएवढं लहान वर्तुळ, मग हळूहळू मोठं. लक्ष पांगलं की पुन्हा लहान वर्तुळात यायचं. माझं लहान वर्तुळ म्हणजे मेथीची परात. लाइटिंग चालू असतानाही मी ती उचलू दिली नाही. कोवळं पान खुडायचं, जून देठ बाजूला, पिवळं पान टाकून द्यायचं. बोटांना माती लागते, नखं हिरवी होतात, आणि ती बाई माझ्यात टिकून राहते. मी चहा घेते, स्पॉटदादांशी बोलते. दिवसभर भूमिकेतच वावरायला हवं, असं मला वाटत नाही. फक्त फोन मेकअपरूममध्ये ठेवून येते.

माझ्या क्लोजच्या वेळी लेकीचं काम करणारी मुलगी मोकळी झाली होती. पुढच्या सीनसाठी तिला साडी बदलायची होती. असिस्टंटने तिचं वाक्य वाचलं असतं तरी चाललं असतं, पण ती थांबली. लेन्सच्या अगदी शेजारी स्टुलावर बसली आणि मास्टरपेक्षा कितीतरी हळू म्हणाली, 'मी नोकरी सोडली.' माझा हात देठावरच थांबला. तसं ठरलं नव्हतं. दिग्दर्शकाने तोच टेक ठेवला. त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं. स्वतः कॅमेऱ्यात दिसत नसताना दुसऱ्यासाठी इतकं खरं बोलणं सगळ्यांना जमत नाही.

उद्या याच्या आधीचा सीन आहे. लेक येणार म्हणून आई मटारउसळीच्या तयारीला लागते. आजची बातमी उद्या मला ठाऊक नसायला हवी. आर्टवाल्या दादांना सांगून ठेवलंय, मटार सोललेले आणू नका, शेंगाच द्या.