मग मधल्या वेळेला काय खाता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुलाला नुकताच टाइप वन डायबेटिस निघालेल्या आया मला हमखास हेच विचारतात. "जेवणाचं समजलं हो, पण मधल्या वेळेला काय खाता?" हातात वही असते, त्यांना यादी हवी असते. आहे माझ्याकडे यादी, पण ती अगदीच छोटी आहे.

मला अकराव्या वर्षी झाला, सांगलीत. तेव्हा दिवसातून दोनदा मिक्स इन्सुलिन घ्यायचे. बाटली तळहातांत घोळवून दुधाळ करून घ्यायची आणि मगच सुईत ओढायची. सकाळी घेतलेल्या डोसचा जोर दुपारकडे चढायचा, त्यामुळे साडेदहाला काहीतरी खाणं सक्तीचं होतं. भूक असो, नसो. गणिताचा तास चालू असताना मी चार मारी बिस्किटं चावत बसायचे. मुली म्हणायच्या, तुझी मजा आहे. आवाज होऊ नये म्हणून बिस्किट तोंडात भिजवून गिळण्यात कसली आलीये मजा?

आता रात्री एक लांब पल्ल्याचं इन्सुलिन आणि जेवणागणिक एक झटपट, असा हिशोब आहे. त्यामुळे घड्याळाकडे बघून खावं लागत नाही. मला मधल्या वेळी काहीही चालतं, फक्त त्यातलं कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर, मोजावं लागतं. माझ्या डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे मला साधारण 10 ग्रॅम कार्बला एक युनिट इन्सुलिन लागतं. तुमच्या मुलाचं प्रमाण वेगळं असणार, ते त्याच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आम्हा सांगलीकरांचं घोडं भडंगापाशी अडतं. चुरमुरे फुलासारखे हलके, म्हणून वाटीभर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण चुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळच, शुगर भराभर चढवतो. मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. माझी 'एक वाटी' 30 ग्रॅम भरली, म्हणजे शेंगदाणे-तेल धरूनही 20 ग्रॅमच्या आसपास कार्ब. दोन युनिट. आणि भडंग एका वाटीवर थांबतं का कधी? हुरड्याचं तर विचारूच नका. शेतात बसून मूठमूठ खाताना किती झालं हे कोणाला सांगता येतं! तिथे मी अंदाजाने टोचते आणि दोन तासांनी शुगर बघते.

माझी छोटी यादी सुई न लागणाऱ्या गोष्टींची. उकडलेलं अंडं, काकडी, पनीरचे चार तुकडे, मूठभर शेंगदाणे. 30 ग्रॅम दाण्यांत कार्ब जेमतेम 5 ग्रॅम. पावसाळा सरता सरता ओल्या शेंगा आल्या की मिठाच्या पाण्यात उकडून ठेवते. सोलत बसावं लागतं, त्यामुळे आपोआपच बेताने खाल्ल्या जातात. फुटाणेही चांगले, पण त्यांत कार्ब आहे, ते विसरू नका.

संध्याकाळी पाचला वडापाव खायचा झाला तर माझी तक्रार वड्याबद्दल नसते, वेळेबद्दल असते. पाव लगेच चढतो, तळलेला वडा सावकाश मागून येतो. पाचला टोचलेलं इन्सुलिन आठला अजून थोडं शिल्लक असतं, त्यावर जेवणाचा डोस पडला की शुगर फार उतरते आणि दहाला घाम फुटतो. म्हणून वडापाव खाल्ला तर मी सरळ तेच जेवण धरते.

आणि कृपा करून डबाभर 'डायबेटिक' बिस्किटं आणू नका. साखर काढली तरी मैदा तिथेच असतो. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तोच पुडा आणतो. एक जण कारल्याचा रसही आणायचे. माझं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, त्याला कारलं काय करणार? पण ते वडिलांचे मित्र, म्हणून प्यायले.

खरं जड जातं ते वेगळंच, आणि ते कोणी वहीत लिहून घेत नाही. शुगर 70 च्या खाली गेली की लगेच 15 ग्रॅम साखर घ्यायची, 15 मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. ग्लुकोज पावडर, नाहीतर साधी साखर पाण्यात ढवळून. चॉकलेट किंवा बेसनाचा लाडू नको, त्यांतल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. एकदा एसटीत 58 होती. मी ग्लुकोजचा पुडा फोडला तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "डायबेटिस म्हणतेस आणि साखर खातेस?" हात थरथरत होते, उत्तर द्यायला जमलं नाही.

रात्री तीनला हे होतं तेव्हा तोंड कडवट असतं, पोट भरलेलं असतं, आणि गोड, अगदी गोड काहीतरी गिळावं लागतं. मला गोडाचा खरा कंटाळा आहे, हे कोणाला पटत नाही. आणि त्या पंधरा मिनिटांत अख्खा फ्रीज खाऊन टाकावासा वाटतो, तो मोह वेगळाच! लहानपणी आई उठून ओट्याशी माझ्याजवळ बसायची. मला एकटीला खावं लागू नये म्हणून स्वतःही चमचाभर ग्लुकोज तोंडात टाकायची. साठीत तिला टाइप टू निघाला, तेव्हा ते बंद झालं. आता मी सांगलीला गेले आणि रात्री मीटरचा आवाज आला, तर ती उठते, पाणी पिते आणि पंधरा मिनिटं घड्याळ बघत बसते.