समासातली वाक्ये

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले, तेव्हा मुख्याध्यापकांपासून क्रीडांगणापर्यंत सर्वांविषयी चार शब्द लिहिण्याचा विचार होता. परंतु लेखणी पुन्हा पुन्हा मराठीच्या बाईंकडेच वळते आहे, तेव्हा इतरांनी राग मानू नये. निबंध लिहायला पुष्कळांनी शिकवले, पण लिहिलेला निबंध मोडून पुन्हा कसा बांधावा हे बाईंनीच शिकवले.

दहावीच्या वर्षी मी बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेचे रसग्रहण लिहिले होते. बाईंनी लाल शाईचा एक ठिपकाही न लावता ते परत दिले आणि प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते समासात एकेका वाक्यात लिहून आणायला सांगितले. ‘कवितेत झरा आहे’ असे वाक्य त्यांना चालत नसे. झऱ्याविषयी लिहिणाऱ्याचे म्हणणे काय, ते त्यांना हवे असे. समास भरल्यावर त्यांनी मूळ मजकूर झाकायला लावला आणि नुसती ती वाक्ये मोठ्याने वाचून घेतली. तीन परिच्छेद हिरव्या रंगाविषयीच बोलत होते, आणि तेही एकमेकांपासून दूर बसून.

पहिला परिच्छेद चरित्राचा होता : जन्म 1890 सालचा, मृत्यू 1918 साली रेल्वे अपघातात, वगैरे. “हा काढला तर पुढच्या कोणत्या वाक्याला धक्का लागतो?” बाईंनी विचारले. माहिती खरी होती, पण कोणत्याच वाक्याला धक्का लागत नव्हता. शेवटच्या परिच्छेदावर मात्र त्या थांबल्या. तेथे ओघात आले होते की, या आठ ओळींत झरा वाहतो, पायवाट काळ्या डोहाकडे चालत जाते आणि औदुंबर तेवढा पाण्यात पाय टाकून बसलेला आहे. “हे इतका वेळ कुठे होते?” बाई म्हणाल्या. त्यांचे म्हणणे असे की, लिहिता लिहिता सुचलेले विधान पहिल्या खर्ड्यात शेवटीच येणार, कारण लिहिणाऱ्याला ते तेव्हाच गवसलेले असते. वाचणाऱ्याच्या हाती मात्र ते आरंभीच द्यावे लागते. मग ओळीमागून ओळ अर्थ सांगणारे परिच्छेद मोडले. गतीकडून स्थिरतेकडे येणारी क्रियापदे एकत्र आली, हिरव्यापासून काळ्यापर्यंत उतरत जाणारे रंग त्यांच्या शेजारी बसले, आणि ज्या उद्धृत ओळीनंतर स्वतःचे एकही वाक्य नव्हते ती ओळ गळाली. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. जी भिंत पाडायची आहे तिला रंग कशाला द्यायचा, असे बाई विचारत.

आज मी महाविद्यालयात साहित्य शिकवतो आणि एका नियतकालिकाचे संपादनही पाहतो. परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवणे संगणकावर क्षणाचे काम झाले आहे, आणि नेमके तेच फारसे कोणी करत नाही. पुनर्लेखन केले म्हणून जे हाती येते, त्यात बहुधा ऱ्हस्वदीर्घ तेवढे बदललेले असतात. मी विद्यार्थ्यांना लेख कागदावर, रुंद समास सोडून, छापून आणायला सांगतो. ही पद्धत माझीच, असा त्यांचा समज आहे. निदान या स्मरणिकेत ती बाईंच्या खाती जमा व्हावी.