लीएजचा ल्युसिफर आणि त्याच्या गालावरचा थेंब

बेल्जियममधल्या लीएजला सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये गेलात, तर प्रवचनाच्या व्यासपीठाला वळसा घालून मागच्या बाजूला जा. गियोम गीफ्स (१८०५–१८८३) या शिल्पकाराचा संगमरवरी ल्युसिफर, म्हणजे स्वर्गातून हाकललेला देवदूत, सैतान, तिथे बसलाय. उंची साधारण १६५ सेंटिमीटर, साल १८४८.

आधी या जागी गियोमचा धाकटा भाऊ जोसेफ याने घडवलेला सैतान होता. तो इतका तरुण, देखणा आणि उघडा होता, की भाविकांचं चित्त प्रवचनावरून उडेल म्हणून बिशप व्हान बॉमेल यांनी तो काढायला लावला.

गियोमने सौंदर्य कमी केलं नाही, हे त्याचं खरं धाडस. त्याने त्यावर शिक्षा चढवली. उजवा घोटा आणि डावं मनगट साखळीत, पायाशी दातांचे व्रण असलेलं सफरचंद, राजदंडाचा तुटलेला शेंडा. खडकाला जखडलेला हा देह पाहून ग्रीक पुराणातला प्रॉमिथियस आठवतोच.

पण थांबून बघायचा तो डाव्या डोळ्यातून ओघळलेला अश्रू. संगमरवरात मातीसारखी मागाहून भर घालता येत नाही. गालावर थेंब उठून दिसायला हवा, तर तेवढा दगड आधीपासून राखून ठेवावा लागतो आणि सभोवतालचा अख्खा गाल त्याच्याभोवती खाली उतरवावा लागतो. त्या काळची रीत अशी: आधी मातीचं मॉडेल, त्यावरून प्लास्टरची प्रत, मग पॉइंटिंग मशीनने, म्हणजे प्रतीवरची मापं दगडावर नेणाऱ्या साधनाने, खोली मोजत ठोकळा उतरवायचा आणि शेवटचे काही मिलिमीटर हाताने. इथे सरळ उभा घाव बसला, की आतले स्फटिक चिरडतात आणि पांढरा डाग उमटतो. तो वरवर घासून जात नाही, कारण मार खोलवर गेलेला असतो. म्हणून चेहऱ्याशी छिन्नी तिरपी धरतात आणि अखेरचं काम कानस आणि घासणीच्या दगडावर सोपवतात.

वटवाघळासारखे पंखही नीट पाहा. संगमरवर दाब सोसतो, ताण नाही. बाहेर पसरलेला पातळ पंख मुळाशीच तडकायचा. इथे ते अंगाभोवती मिटत आलेत, त्यामुळे मूर्ती एकसंध राहते आणि कोंडल्यासारखीही दिसते.

जोसेफचा सैतान आता ब्रुसेल्सच्या रॉयल म्युझियम्स ऑफ फाइन आर्ट्सच्या संग्रहात आहे. तो सध्या दालनात मांडलाय का, एवढी चौकशी करून आधी तो पाहा आणि मग लीएजची गाडी पकडा. तासाभराचा प्रवास.