सैल शर्टाबद्दल विचारता, म्हणून

"एवढी बॉडी कमावलीस, मग झाकतोस कशाला?" तुम्ही कौतुकानेच विचारता, ठाऊक आहे. मी "असंच" म्हणून विषय बदलतो. आज सांगतो. तुम्हाला दिसते ती बॉडी मला दिसत नाही. हा विनय नव्हे. आरशात मला माझे खांदे उतरलेले, दंड बारीक दिसतात. सैल शर्टात ते कुणाच्या नजरेत येत नाहीत, म्हणून तो घालतो.

याला नाव आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये शरीरसौष्ठवपटूंमध्ये भरदार असूनही स्वतःला किरकोळ समजणारे पुरुष नोंदवले. 1997 मध्ये त्याला 'मसल डिस्मॉर्फिया' हे नाव मिळालं. नाव कळल्यावर सुटेन असं वाटलं होतं. नजर तीच राहिली. आणि हो, शरीरसौष्ठवाचा हा माझा खेळ खेळणारे सगळेच असे नसतात, हेही ऐकून ठेवा.

एका स्पर्धेचं मात्र सांगायलाच हवं. प्रेपच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या तयारीच्या, शेवटी चरबी इतकी उतरवली होती की झोप उडाली होती, हातपाय गार पडायचे, कसलीच इच्छा उरली नव्हती. इतक्या खाली गेल्यावर टेस्टोस्टेरॉनही घसरतं. स्टेजमागे पंप घेताना, म्हणजे स्नायू फुगवायला हलका व्यायाम करताना, शेजारच्या मुलाने विचारलं, "भाऊ, खरं सांग, पाय आलेत का?" म्हणजे पायांचे स्नायू उठून दिसतात का. त्याच्या मांडीचा धागा न् धागा दिसत होता. "आलेत की," मी म्हणालो. त्याला पटलं नाही. मग मी त्याला माझी पाठ दाखवली. "कडक आहे," तो म्हणाला. मला वाटलं, मन राखतोय. दोघंही खरं बोलत होतो आणि दोघांनाही ते खोटं वाटत होतं.

पदक मिळालं. त्या रात्री खायला बसलो तो थांबताच येईना. काही दिवसांत घोटे सुजले, पोटावरच्या रेषा बुजल्या. उपाशी ठेवलेलं शरीर असंच पाणी धरतं, चरबी साठवतं. हे मी स्वतः इतरांना समजावलेलं होतं. तरी घरच्यांनी स्टेजवरचा फोटो भिंतीवर लावला तेव्हा मी किंचाळलो, "काढा तो!" त्या फोटोतल्या माणसाचा मला हेवा वाटत होता. स्टेजमागे त्यालाच मी 'फ्लॅट', म्हणजे स्नायू न भरलेला, म्हणून झिडकारलं होतं. पुढे कुणाला भेटेनासा झालो. जगावंसं वाटेना, तेव्हा मदत मागितली.

"मग सोडून दे," असं म्हणू नका. मी घाबरट, एकलकोंडा होतो, तेव्हा मला उभं केलं ते याच वजनांनी. तेव्हाचा मी म्हणेल, हे मनाचे लाड आहेत, सेट पूर्ण कर. त्याला गप्प करावं असं वाटतं, पण शिस्त लागली ती त्याच्यामुळेच. ती शिस्त आजार कधी झाली, ते मला दाखवता येत नाही.

पुढच्या मोसमात उतरणार का, हेही विचारता. माझे थेरपिस्ट नको म्हणतात. मन हो म्हणतं. त्या 'हो'मध्ये खेळाची ओढ किती आणि त्या फोटोतलं शरीर परत मिळवायची हाव किती, हे मला अजून वेगळं करता येत नाही. म्हणून फॉर्म भरलेला नाही.