सिम्स ४ मधलं जपानी घर: चटया बसल्या, छप्पर अजून चालू

सिम्स ४ या कॉम्प्युटर गेममधल्या माउंट कोमोरेबी या जपानी धर्तीच्या गावात ३०×२० चौकोनांच्या लॉटवर, म्हणजे प्लॉटवर, भिंती उभ्या राहिल्या. सगळा हिशोब एका मापावर बांधलाय: बिल्ड मोडचा (गेममधल्या बांधकामाच्या भागाचा) एक चौकोन म्हणजे अर्धा केन (केन हे लांबीचं जपानी माप), साधारण ९१ सेंटिमीटर. टाटामी, म्हणजे जमिनीवर अंथरायची जाड जपानी चटई, अर्धा केन रुंद, एक केन लांब. म्हणजे बरोबर दोन चौकोन. त्यामुळे आठ चटयांची खोली ४×४, सहा चटयांची ३×४. दक्षिणेला एक चौकोन रुंद एन्गावा, म्हणजे आपली ओसरीच. उत्तरेच्या एका चौकोनाच्या पट्टीत दोन चौकोनांचा तोकोनोमा (शोभेच्या वस्तू मांडायचा कोनाडा), उरलेल्या जागेत कपाटं. पूर्वेला दोन चौकोन रुंद दोमा, म्हणजे मातीच्या जमिनीचा प्रवेशाचा भाग. एकूण ९×६.

आठ चटयांच्या खोलीत मधोमध दोन आडव्या, डाव्या-उजव्या भिंतीलगत एकेक उभी, वरच्या-खालच्या कडेला दोन-दोन आडव्या. चार चटयांचे कोपरे एका बिंदूत मिळता कामा नयेत. ती मांडणी जपानात शोकप्रसंगाची मानतात. शिफ्ट दाबून खोली एकदम भरली की नेमकं तेच होऊन बसतं. म्हणून एकेक चौकोन टाकायचा आणि स्वल्पविराम-पूर्णविरामाच्या कळांनी फिरवायचा. वेळ जातो, पण घराचा जीव इथेच आहे, इथे घाई नको.

दोमा जमिनीच्या पातळीवर ठेवून खोल्या प्लॅटफॉर्मने (जमीन उंच करणाऱ्या ओट्याने) उचलल्या. जपानी घर बुटकं म्हणून सगळ्यात छोटी भिंत घ्यावीशी वाटते, पण प्लॅटफॉर्म उचलला तरी भिंतीचा माथा तिथेच राहतो आणि शोजीचा (लाकडी चौकटीवर कागद लावलेला सरकता) दरवाजा बसायला उंची उरत नाही. मध्यम भिंत घ्या. दोम्यातून वर चढायला पायरी जोडा आणि लाईव्ह मोडमध्ये (प्रत्यक्ष खेळात) सिमला, म्हणजे गेममधल्या माणसाला, एकदा आत-बाहेर चालवून बघा.

इरिमोया छप्पर, म्हणजे खाली चौपाखी आणि वर दुपाखी असं जपानी छप्पर, तयार मिळत नाही. ९×६ वर चौपाखी छप्पर, त्यावर ७×६ चं दुपाखी, दोन्ही टोकांना एकेक चौकोन आत. उतार अगदी सारखा ठेवला तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मिसळून कॅमेरा हलवताना लुकलुकतात. दुपाखीचा उतार किंचित वाढवा आणि तिची वळचण आत ओढा. चौपाखीची वळचण मात्र एन्गावाच्या बरीच पुढे हवी. पावसापासून शोजीचा कागद वाचतो तो तिच्यामुळेच, आणि उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊनही तीच अडवते. शिफ्ट धरून ओढलं की एकच बाजू लांबते.

वरच्या त्रिकोणी भिंतीला गडद लाकडी रंग अजून द्यायचाय. खांब दर दोन चौकोनांवर, म्हणजे दर केनाला. दक्षिण बाजूचे झालेत, उत्तरेचे बाकी.